टाइमस्टॅम्प झोनसकट ठेवायचा की बिनझोनचा?

निळी_पाटी

कामातला प्रश्न आहे, पण इथे डेटाबेसवाली मंडळी बरीच आहेत म्हणून टाकतेय.

आमच्याकडे तीन जुन्या सिस्टिम आहेत. तिन्हींचा डेटा एका नव्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये हलवायचाय. तिन्हीकडे 'क्रिएटेड ॲट' नावाचा कॉलम, म्हणजे नोंद कधी झाली त्याची तारीख-वेळ (टाइमस्टॅम्प). पहिलीत तो टाइमस्टॅम्प विदाउट टाइम झोन, दुसरीत विथ टाइम झोन आणि तिसरीत चक्क टेक्स्ट. (हो, टेक्स्ट. मी तेव्हा नव्हते, मला बोलू नका.)

चाचणी म्हणून सगळा डेटा एकदा हलवून पाहिला. एकूण व्यवहार जुन्या रिपोर्टशी बरोब्बर जुळतात, रोजची बेरीज जुळत नाही. आजचे थोडे व्यवहार उद्याच्या खात्यात पडलेत. एकही ओळ हरवलेली नाही, पण दिवस सरकलेत.

टीममध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो, सगळे कॉलम विथ टाइम झोन करून टाका, झोन कॉलममध्येच राहील, कटकट मिटेल. दुसरा म्हणतो, बिनझोनचे ठेवा आणि आत यूटीसीच (जगाची सामाईक प्रमाणवेळ) असेल असं आपण ठरवून टाकू. मला पहिलं पटतंय. तुम्ही काय करता?

टिंब

मी नोकरी बदलतो आणि प्रश्न पुढच्यासाठी ठेवून जातो.

वक्री_शनी

यूटीसी. सगळीकडे यूटीसी. दाखवताना काय ती स्थानिक वेळ करा. याच्यावर धागा काढायची गरजच काय?

जुना_खिळा

शनिमहाराज, जरा दमानं. गरज आहे, कारण धागाकर्तीच्या पहिल्या गटाच्या वाक्यातच घोळ आहे.

"झोन कॉलममध्येच राहील" – नाही राहत. पोस्टग्रेसमधल्या टाइमस्टॅम्प विथ टाइम झोनमध्ये झोन साठवलेला नसतो. दोन्ही प्रकार ८ बाइटचेच. आत एक आकडा असतो : १ जानेवारी २०००च्या मध्यरात्रीपासून किती मायक्रोसेकंद झाले. तुम्ही '२०२४-०६-०१ १०:००+०९:००' असं घातलंत, तर तो +०९:०० (यूटीसीपासूनचा फरक, म्हणजे ऑफसेट) वाचतो, हिशोब करून ०१:०० यूटीसी ठेवतो आणि ते +०९:०० टाकून देतो. परत मागितलंत की तुमच्या सेशनचा (डेटाबेसशी तुम्ही उघडलेल्या जोडणीचा) जो टाइमझोन असेल त्यात दाखवतो. मूळ माणसाने कुठल्या झोनमधून लिहिलं होतं ते आता कुणालाच कळणार नाही.

बिनझोनचा त्याहून बेरकी. त्यात तुम्ही हेच +०९:०० सकट घातलंत तर तो ऑफसेट वाचतच नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही, शेपूट गाळून नुसतं १०:०० ठेवतो. एकदा ते गेलं की गेलं.

माझं मत : व्यवहार कधी झाला हे लिहायचं असेल तर विथ. पण 'झोन राहील' या आशेवर नव्हे.

बाराखडी

मी या क्षेत्रातली नाही, तरी वाचतेय. म्हणजे दारावर पाटी 'छत्रीसह' आणि आत गेलं तर छत्रीच नाही?

जुना_खिळा

छत्री दारातच काढून घेतात. बाहेर पडताना जो न्यायला आला असेल त्याची देतात.

टिंब

खिळेकाका, हे वाक्य मी ऑफिसात स्वतःचं म्हणून खपवणार आहे. आगाऊ आभार.

उलटतपासणी

जुना_खिळा यांचं बरोबर आहे, पण ते पोस्टग्रेसपुरतं. बाकी डेटाबेसमध्ये त्याच नावाखाली वेगळाच माल मिळतो, आणि मायग्रेशनमध्ये माती होते ती तिथेच.

ओरॅकलचा टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन खरोखरच झोन ठेवतो. पोस्टग्रेससारखं वागणारा त्यांचा प्रकार म्हणजे विथ लोकल टाइम झोन. मायएसक्यूएलमध्ये टाइमस्टॅम्प हा सेशनच्या झोनमधून यूटीसीत जातो आणि परत येतो, डेटटाइम मात्र जसा दिला तसा पडून राहतो. शिवाय तिथल्या टाइमस्टॅम्पची धाव १९ जानेवारी २०३८, ०३:१४:०७ यूटीसीपर्यंतच. बिगक्वेरीत टाइमस्टॅम्प म्हणजे क्षण आणि डेटटाइम म्हणजे बिनझोनचं. स्नोफ्लेकमध्ये तीन प्रकार आहेत आणि तुम्ही नुसतं टाइमस्टॅम्प म्हणालात तर सेटिंग बदललेलं नसेल तेव्हा बिनझोनचा मिळतो. म्हणजे पोस्टग्रेसवाल्याने सवयीने तोच शब्द लिहिला तर ठीक, बिगक्वेरीवाल्याने लिहिला तर उलटं.

आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये टाइमस्टॅम्प नावाच्या टाइपचा घड्याळाशी काडीचाही संबंध नाही. तो ओळीचा आवृत्ती क्रमांक. एका नवख्याने तो तारखेत बदलायचा प्रयत्न करत अख्खी दुपार घालवल्याचं मी पाहिलंय.

टिंब

नवखा कोण ते लिहिलं नाहीत.

उलटतपासणी

नाहीच लिहिणार.

सावकाश

एक फरक या धाग्यावर लवकर सांगून टाकतो, नाहीतर पुढे सगळे एकमेकांशी वेगवेगळ्या गोष्टींवर भांडत बसतील. ऑफसेट आणि झोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

−०५:०० हा ऑफसेट. 'अमेरिका/न्यूयॉर्क' हा झोन. झोन म्हणजे नियमांची वही : कुठल्या वर्षी कधी घड्याळ पुढे केलं, कधी मागे, कायदा कधी बदलला. ऑफसेट म्हणजे त्या वहीतून एका क्षणापुरतं काढलेलं उत्तर. वहीवरून उत्तर निघतं, उत्तरावरून वही निघत नाही. जुलैमधल्या नोंदीला −०५:०० दिसलं तर तो माणूस नेमका कुठला हे सांगता येत नाही, आणि त्याच्या जानेवारीतल्या नोंदीला काय लागेल हेही नाही. एसक्यूएल सर्व्हरचा डेटटाइमऑफसेट काय किंवा स्नोफ्लेकचा टीझेडवाला काय, दोघेही ऑफसेटच ठेवतात, झोनचं नाव नाही.

ही वही म्हणजे टीझेड डेटाबेस. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केला, नंतर पॉल एगर्ट सांभाळू लागले, २०११पासून आयएएनएच्या (इंटरनेटची नावं-क्रमांक सांभाळणारी संस्था) छत्राखाली आहे. वर्षातून अनेकदा त्याची नवी आवृत्ती निघते. का, तर सरकारं घड्याळाशी खेळणं थांबवत नाहीत म्हणून.

रातकिडा

खेळणं म्हणजे काय ते मला विचारा. मी रात्रीच्या कॉलवर असतो.

एका जुन्या ठिकाणी (नाव नको) रोजची बिलं बनवणारा बॅच जॉब पहाटे २:३०ला लागायचा, सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेत. मार्चचा दुसरा रविवार उजाडला. त्या दिवशी तिथे उन्हाळी वेळेसाठी घड्याळ तासभर पुढे करतात, १:५९ नंतर थेट ३:०० वाजतात. २:३० वाजलेच नाहीत. शेड्युलरने शांतपणे काहीच केलं नाही. जॉब फेल झाला असता तर मला फोन आला असता, पण जो जॉब सुरूच झाला नाही तो फेल कसा होणार? सोमवारी दुपारी कुणीतरी विचारलं, शनिवारची बिलं कुठायत?

मग हुशार लोकांची मीटिंग झाली. ठरलं की २ ते ३ हा तास धोक्याचा, जॉब १:३०ला घ्या. सगळे खूश. नोव्हेंबरचा पहिला रविवार आला. त्या दिवशी घड्याळ परत मागे करतात, म्हणून १ ते २ हा तास दोनदा येतो.

बिलं दोनदा गेली.

टिंब

हा प्रतिसाद वाचून खुर्चीतून पडलो. एकदाच पडलो, मी यूटीसीत बसतो.

वक्री_शनी

मी काय म्हणत होतो? सर्व्हर यूटीसीत असता तर यातलं काहीही झालं नसतं. यूटीसीत एकही तास गायब होत नाही की दोनदा येत नाही. मुद्दा सिद्ध.

अर्धविराम

शनी, होऊन गेलेल्या गोष्टींसाठी तुमचं शंभर टक्के मान्य. लॉग, व्यवहार, सेन्सरचं रीडिंग, सगळं यूटीसी. पण भविष्यासाठी यूटीसी ठेवलंत तर फसाल.

उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२२मध्ये कुणीतरी मेक्सिको सिटीतली १५ मे २०२३, सकाळी १०ची भेट ठरवली. तेव्हाच्या नियमाने मे महिन्यात तिथे −०५:००, म्हणून ॲपने १५:०० यूटीसी साठवलं आणि स्थानिक वेळ फेकून दिली. ऑक्टोबर २०२२मध्ये मेक्सिकोने बहुतेक देशासाठी उन्हाळी वेळ रद्द केली. आता मे महिन्यातही −०६:००. ॲप १५:०० यूटीसी उघडतं आणि दाखवतं सकाळचे ९. भेटणाऱ्या दोघांच्याही डोक्यात १०च आहेत. डेटाबेसमधला एकही बिट बिघडलेला नाही आणि तरी उत्तर चूक आहे.

तिथे ठेवायला हवं होतं : '२०२३-०५-१५ १०:००', बिनझोनचं, आणि शेजारच्या कॉलममध्ये 'अमेरिका/मेक्सिको_सिटी' हे नाव. यूटीसी हवा असेल तर त्यावरून काढा आणि टीझेड डेटाबेस अपडेट झाला की पुन्हा काढा. माणसांनी घड्याळावरची वेळ ठरवली होती, क्षण नव्हता ठरवला.

वक्री_शनी

वर्षानुवर्षं न बदलणारे नियमही असतात की. अपवादावरून डिझाइन कशाला?

सावकाश

अपवाद? मार्च २०२३मध्ये लेबनॉनने घड्याळ पुढे करायच्या अगदी तोंडावर निर्णय पुढे ढकलला. देशात अर्धे एका वेळेवर, अर्धे दुसऱ्या. मग काही दिवसांत निर्णय फिरवला. टीझेड डेटाबेसची २०२३बी ही आवृत्ती त्या बदलासाठी निघाली आणि पाच दिवसांनी २०२३सी आली ती तो बदल काढून टाकायला. ज्यांनी मधली आवृत्ती घाईघाईने प्रॉडक्शनला चढवली त्यांची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करा.

टिंब

आणि समोआ विसरू नका. २०११मध्ये ते तारीखरेषेच्या पलीकडे गेले. २९ डिसेंबर नंतर थेट ३१. ३०ला ज्याचा वाढदिवस होता त्याचं वय डेटाबेसने कसं काढायचं?

बाराखडी

वाढदिवसावरून आठवलं. मला एका फॉर्ममध्ये माझी जन्मतारीख नेहमी एक दिवस अलीकडची दिसते. मी बरोबर भरते, सेव्ह करून उघडलं की एक दिवस कमी. मला वाटायचं माझाच हात चुकतो.

अर्धविराम

बाराखडीताई, तुमचा हात ठीक आहे. तुम्ही ग्रिनिचच्या पश्चिमेला राहत असाल, बरोबर? जावास्क्रिप्टला '१९८०-०५-१२' अशी नुसती तारीख दिली की तो तिला यूटीसी मध्यरात्र समजतो. तुमच्या ब्राउझरमध्ये ती आदल्या दिवशीची संध्याकाळ. म्हणून ११ दिसते. गंमत म्हणजे त्याच तारखेपुढे वेळ जोडली आणि ऑफसेट दिला नाही, तर तोच जावास्क्रिप्ट तिला स्थानिक वेळ समजतो. एकाच फंक्शनची दोन तोंडं.

जन्मतारीख हा क्षण नाही. ती नुसती तारीख आहे आणि तिच्यासाठी डेट नावाचा टाइप आहे. तिला मध्यरात्र चिकटवली की दुखणं सुरू.

बाराखडी

पश्चिमेलाच राहते. इतकी वर्षं स्वतःला दोष देत होते, बघा.

जुना_खिळा

पायथनवाले आलेच आहेत तर त्यांच्या घरचंही सांगा की.

अर्धविराम

सांगतो, आमच्याही घरी मातीच्याच चुली. यूटीसीनाऊ नावाचं फंक्शन यूटीसीचे आकडे देतं, पण त्या वस्तूवर झोनचा शिक्का नसतो. मग तिच्यावरून टाइमस्टॅम्प (इथे १९७०पासूनचे सेकंद) काढायला गेलं की पायथन म्हणतो, शिक्का नाही म्हणजे स्थानिकच असणार. झाला ऑफसेटएवढा फरक. ३.१२ पासून ते फंक्शन वापरू नका असं अधिकृतपणे सांगितलंय. एवढी वर्षं लागली.

दुसरं, पायटीझेड, म्हणजे पायथनची झोनची जुनी लायब्ररी. झोनची वस्तू घेऊन थेट डेटटाइमच्या टीझेडइन्फोत कोंबली तर 'एशिया/कोलकाता'ला +०५:३० ऐवजी +०५:५३ मिळतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं डेटा करप्ट झाला. तो निघाला प्रमाणवेळेच्या आधीचा कोलकात्याचा स्थानिक सूर्यमानी वेळ, वहीतली सगळ्यात पहिली नोंद. लोकलाइझ वापरायचं असतं, ते कुणी वाचत नाही. पायथन ३.९ पासून झोनइन्फो आलंय, ते वापरा आणि सुखी राहा.

रातकिडा

२३ मिनिटांचा फरक! हा माझ्याकडे येऊन गेलाय. आम्ही नेटवर्कवर खापर फोडलं होतं.

उलटतपासणी

झोनची लघुरूपं डेटात दिसली तर लगेच सावध व्हा. आयएसटी म्हणजे भारत, आयर्लंड की इस्रायल? पोस्टग्रेसच्या मूळ सेटिंगमध्ये बरीच वर्षं त्याचा अर्थ इस्रायल, +०२:००. भारतासाठी वेगळं सेटिंग करावं लागायचं. सीएसटीचीही तीच गत, अमेरिका, चीन, क्यूबा.

आणि 'ईटीसी/जीएमटी+५' असं झोनचं नाव दिसलं तर ते पूर्वेला नसून पश्चिमेला आहे. पॉसिक्सच्या (युनिक्ससारख्या सिस्टिमच्या मानकाच्या) रीतीत चिन्ह उलटं. ही चूक तपासणीत दिसत नाही, कारण डोळ्याला प्लस दिसतं आणि मन समाधान पावतं.

बाराखडी

मध्येच विचारते, ते लीप सेकंद का काय असतं त्याचाही यात त्रास असतो का?

जुना_खिळा

धाग्याच्या प्रश्नाशी संबंध थोडा, पण विचारलंत म्हणून. पृथ्वीचं फिरणं अणुघड्याळाशी जुळवून घ्यायला अधूनमधून यूटीसीत एक सेकंद घालतात. १९७२पासून २७ घातले, शेवटचा २०१६च्या अखेरीस. युनिक्सची वेळ त्यांना मोजतच नाही. जून २०१२च्या अखेरीस जो घातला, त्याने लिनक्सच्या कर्नलमधला एक बग जागा झाला आणि बऱ्याच साइट आडव्या झाल्या. २०२२मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवलंय की २०३५पर्यंत ही पद्धत गुंडाळायची. निळी_पाटींच्या दिवसाने सरकलेल्या बेरजेचा त्याच्याशी संबंध नाही.

बरं, त्यांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. निळी_पाटी, कुठला टाइप वापरायचा हे नंतर. आधी तुमच्या बिनझोनच्या कॉलममध्ये नेमकं काय आहे हे माहीत आहे का? कुणी सांगितलं म्हणून नाही, डेटाकडून विचारून?

दोन चाचण्या करा. एक : तासाप्रमाणे ओळी मोजा, महिन्या-महिन्याने. माणसं झोपतात, त्यामुळे रात्रीचा खड्डा दिसतोच. तो खड्डा कुठल्या तासाला आहे आणि कधी सरकलाय का ते पाहा. दोन : दरवर्षी मार्चच्या दुसऱ्या रविवारी २ ते ३ मध्ये किती ओळी आहेत ते पाहा. (मी अमेरिकी झोन धरतोय. युरोपीय असेल तर मार्चचा शेवटचा रविवार, तिथे सगळीकडे ०१:०० यूटीसीला एकदमच बदल होतो.) शून्य असतील तर कॉलम स्थानिक वेळेत आहे. ओळी असतील तर नाही.

निळी_पाटी

अरे बापरे, केवढे प्रतिसाद. सगळे वाचले. छत्री कळली. चाचण्या लावते आणि सांगते.

सावकाश

चाचणी लावताना 'ॲट टाइम झोन' जपून. त्याचे दोन अर्थ आहेत. बिनझोनच्या मूल्यावर लावलं तर 'ही वेळ त्या झोनमधली समज' आणि क्षण मिळतो. झोनवाल्या मूल्यावर लावलं तर 'हा क्षण त्या झोनच्या घड्याळात दाखव' आणि बिनझोनचं मूल्य मिळतं. म्हणजे शब्द तेच आणि दिशा उलट. चुकून कॉलमचा प्रकार वेगळा निघाला तर क्वेरी मुकाट चालते आणि ऑफसेट दुसऱ्याच बाजूला लागतो.

अवांतर : पार्केट (मोठा डेटा साठवायचा एक फाइल-प्रकार) फाइलमधून येणारा डेटा असेल तर याहून मजा. अशा फाइली वापरणाऱ्या साधनांपैकी, जुन्या आयएनटी९६ पद्धतीत हाइव्ह लिहिताना स्थानिक वेळ यूटीसीत बदलायचं आणि इम्पाला आहे तशीच वाचायचं. तीच फाइल, दोन उत्तरं. नव्या पद्धतीत 'यूटीसीला जुळवलेलं आहे का' असा हो-नाही शिक्का असतो. स्पार्कचा टाइमस्टॅम्प मुळात क्षणच, बिनझोनचा वेगळा प्रकार ३.४मध्ये आला.

वक्री_शनी

मी माझं पहिलं वाक्य थोडं बदलतो. "घडून गेलेल्यासाठी यूटीसी." मेक्सिकोचं पटलं. पण दुसऱ्या गटाचं 'बिनझोनचं ठेवू आणि यूटीसी समजू' यात काय वाईट? आम्ही तेच करतो.

रातकिडा

वाईट हेच की 'समजू' कुठे लिहिलेलं नसतं. नवा माणूस येतो, डिफॉल्टला नाऊ() (आत्ताची वेळ देणारं फंक्शन) लावतो. बिनझोनच्या कॉलममध्ये नाऊ() टाकलं की सेशनच्या झोनची भिंतीवरची वेळ जाते. सेशन यूटीसीत असेपर्यंत सगळं छान. कुणीतरी लॅपटॉपवरून एक दुरुस्तीची स्क्रिप्ट चालवतो आणि तेवढ्या ओळी वेगळ्या वेळेत. कॉलमकडे बघून कोण कुठली ते सांगता येणार नाही.

वक्री_शनी

आमच्याकडे असं होत नाही.

रातकिडा

चाचणी क्रमांक एक लावून बघा. वाट बघतो.

निळी_पाटी

दोन दिवसांनी परत आले. लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

दुसऱ्या सिस्टिमचा (विथ टाइम झोनवाली) डेटा ठणठणीत निघाला. जुना रिपोर्ट ज्या युजरने चालायचा त्या युजरच्या सेटिंगमध्ये टाइमझोन न्यूयॉर्क होता. नवा रिपोर्ट यूटीसीत चालतोय. क्वेरी अक्षरशः तीच, 'दिवसाने तोडा' एवढंच म्हणते, पण दिवस कुणाचा ते सेशन ठरवत होतं. आता क्वेरीतच झोनचं नाव लिहिलं, बेरीज जुळली. दहा मिनिटांचं काम आणि तीन आठवडे भांडत होतो.

पहिली (बिनझोनवाली) मात्र पुरेपूर आहे. तासांचा तक्ता काढला. फेब्रुवारी २०१९पर्यंत रात्रीचा खड्डा बारा महिने ३ ते ५ला. मार्चपासून तो उन्हाळ्यात ७ ते ९ला आणि हिवाळ्यात ८ ते १०ला. मी तक्ता छापून भिंतीवर लावला, आमच्या मॅनेजरलाही लांबून दिसला. आधी स्थानिक वेळ लिहिली जात होती, म्हणून खड्डा हलत नव्हता. नंतर यूटीसी आली आणि माणसं उन्हाळी वेळ पाळतात म्हणून खड्डा वर्षातून दोनदा सरकतो. दुसरी चाचणीही जुळली : २०१७ आणि २०१८च्या मार्चच्या त्या रविवारी २ ते ३ मध्ये एकही ओळ नाही, २०१९पासून भरपूर. जुन्या मेल उकरल्या तर फेब्रुवारीच्या शेवटी सर्व्हर हलवल्याचा एक मेल सापडला. त्यात लिहिलंय, 'कुठलाही परिणाम अपेक्षित नाही.'

जुना_खिळा

झकास! तो खड्डा सरकताना पाहणं म्हणजे पर्वणीच. आता रूपांतर करताना दोन गोष्टी. नुसतं टाइप बदला असं सांगू नका, नाहीतर सेशनचा झोन लागेल. यूझिंग लिहून झोनचं नाव स्वतः द्या, आणि ओळी तारखेने दोन भागांत तोडा. दुसरं, नोव्हेंबरचा तो दोनदा येणारा तास. ०१:३० दोनदा असेल तर पोस्टग्रेस मुकाट प्रमाणवेळ धरतो, म्हणजे दुसरं ०१:३०. पहिल्या फेरीतले व्यवहार एक तास पुढे जातील.

निळी_पाटी

त्याचं काय करायचं मग?

जुना_खिळा

चढता आयडी आहे का टेबलाला? त्या रविवारच्या १ ते २ मधल्या ओळी आयडीने लावा. वेळ १:५९पर्यंत चढत जाईल आणि मग एका जागी १:००वर उडी मारून मागे येईल. ती उडी म्हणजे सीमा. तिच्या अलीकडच्या ओळींना −०४:००, पलीकडच्यांना −०५:००. एकदोन ओळी मागेपुढे असतील, तेवढं चालतं.

निळी_पाटी

सापडली! दोन्ही वर्षांत सापडली. २०१८ची तर इतकी स्वच्छ आहे की वाटतं कुणी रेघ मारलीय.

तर मूळ प्रश्नाचं आमच्यापुरतं : घडलेल्या गोष्टींना विथ टाइम झोन. जुना बिनझोनचा कॉलम नाव बदलून शेजारी तसाच ठेवतोय, पुसत नाही. आणि ठरवलेल्या भेटींच्या टेबलात अर्धविराम म्हणतात तसं, बिनझोनची वेळ आणि झोनचं नाव. दोन्ही तट थोडे थोडे नाराज आहेत.

वक्री_शनी

चाचणी लावली. चार हजारांवर ओळी. लॅपटॉप माझाच निघाला. यावर प्रतिप्रश्न नकोत.

रातकिडा

🙏

टिंब

आणि ते टेक्स्टवालं टेबल?

निळी_पाटी

आजच उघडलं. काहींच्या शेवटी झेड (म्हणजे यूटीसी) आहे, काहींच्या नाही. तारखांत दिवस आधी की महिना आधी ते १२च्या पुढे गेल्याशिवाय कळत नाही. आणि एका ओळीत, 'क्रिएटेड ॲट'मध्ये, हाताने लिहिलंय : 'जेवणानंतर'.

उलटतपासणी

नल (रिकामं) करा.

टिंब

थांबा, नल कशाला? कुणाच्या जेवणानंतर ते विचारा, झोनही मिळेल.